टेलचं पाणी

इंदापूर तालुक्यात ‘टेल’ हा शब्द शेपटीसाठी कोणी वापरत नाही. 19व्या शतकाच्या अखेरीस बांधलेला नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती ओलांडून इंदापुरात येतो, तेव्हा मुखाकडच्या शेतांची तहान भागून उरलेलं पाणी इथे पोचायचं असतं. ते शेवटचं टोक म्हणजे टेल. इंग्रजीत ‘टी-ए-आय-एल’ ही शेपटी आणि ‘टी-ए-एल-ई’ ही गोष्ट. उच्चार एकच असल्याने देवनागरीत दोन्ही ‘टेल’च लिहिले जातात, आणि वाक्यावरून अर्थ सहज कळतो.

‘शेवट’ असताना हा परका शब्द कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो, पण मला तो मान्य नाही. शेवट रस्त्यालाही असतो, गोष्टीलाही. टेल मात्र ‘हेड’शी, म्हणजे कालव्याच्या मुखाशी, बांधलेला आहे: पाणी वाटपाच्या क्रमातली जागा, आणि म्हणून हक्काचा प्रश्न. ‘टेल टू हेड आवर्तन द्या’ (आवर्तन म्हणजे पाण्याची पाळी) या मागणीत आधी टोकाला भिजवा, मग वर या, असा पूर्ण न्यायविचार आहे. शिवाय ‘टेलला’, ‘टेलच्या’, ‘टेलवाले’ असे मराठी प्रत्यय त्याने केव्हाच स्वीकारले आहेत. शासकीय पत्रात तो बदलून ‘अंतिम भाग’ केला, तर शेतकऱ्याला आपलीच तक्रार ओळखू येणार नाही.