३० सप्टेंबर, लोहारा तालुका

सकाळी ७. पाठाची तयारी. टाचणवहीत दोनच आकडे मोठे लिहिले: भूकवचात भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर, दुय्यम लहरी साडेतीन. बाकीचं मुलांनी स्वतः काढायचं.

१०:३०. परिपाठ. १९९३ साली याच तारखेला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीजवळ भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून गावं झोपलेली. सास्तूर पडलं, आसपासची गावं पडली, हजारो माणसं गेली. त्यांच्यासाठी दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिलो.

११:१५. आठवीचा वर्ग मैदानावर. सगळे एका ओळीत, पुढच्याच्या खांद्यावर हात. मागून ढकललं, धक्का शेवटपर्यंत गेला: प्राथमिक लहर. मागचा डावी-उजवीकडे डोलला, ओळ नागमोडी झाली: दुय्यम लहर. मग हात सोडायला लावले. ढकलल्यावर धक्का पुढच्याच्या पाठीला लागत गेलाच, डोलणं मात्र मागच्यापाशीच थांबलं. द्रवातून दुय्यम लहरी का जात नाहीत, ते फळ्याशिवाय कळलं.

१२:००. आता फळा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला. दूरदूरच्या नोंदींत त्यांना या दोन लहरी वेगळ्या दिसल्या. १९०६ मध्ये लहरींच्या वेळांवरूनच त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं. तो सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो. या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे, हे १९३६ मध्ये इंगे लेहमान यांनी ओळखलं.

२:३०. गणिताचा तास. दोन लहरींमध्ये दर ८ किलोमीटरला साधारण एक सेकंदाचं अंतर पडतं. किल्लारीहून मुंबई ४०० किलोमीटर: ५० सेकंद. धाराशिव ६० किलोमीटर: सात-आठ. एका मुलीनं विचारलं, “सर, मग सास्तूरला आज्जीला किती टाइम भेटला असंल?”

“एक-दोन सेकंद, बाळा.”

जोराचा हादरा दुय्यम आणि भूपृष्ठ लहरींचा. केंद्राजवळच्या माणसाला त्याआधी उठून बसायलाही वेळ नसतो. त्याला वाचवायचं तर घरानंच वाचवायला हवं.

५:१५. एका पालकांच्या बांधकामावर गेलो.

“सर, भिंत जाड घेतली की झालं ना?” गवंड्यांनी विचारलं.

“तेव्हाच्या माळवदाच्या घरांच्या भिंती जाडच होत्या, मामा. दगड मातीत रचलेले, वर मातीचं ओझं, आणि एकमेकांना बांधणारं काहीच नाही.”

खिडक्यांवरचा लिंटल पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवायचं ठरलं. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. उद्या सळई बांधताना आठवीची मुलं बघायला येणार आहेत.