डेडलाइन : रोजच्या शब्दामागची जीवघेणी रेघ

‘उद्या डेडलाइन आहे!’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. ऑफिसचा रिपोर्ट असो, मुलांचा शाळेचा प्रोजेक्ट असो, नाहीतर परीक्षेचा फॉर्म. पण या शब्दात ‘डेड’ म्हणजे ‘मृत’ कुठून आलं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

अर्थ : डेडलाइन म्हणजे काम पूर्ण करण्याची शेवटची वेळ किंवा तारीख. मराठीत आपण ‘अंतिम मुदत’ म्हणतो.

शब्द आला कुठून?
यासाठी अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात जावं लागेल. 1864 मध्ये जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची एक छावणी सुरू झाली. उंच लाकडी कुंपणाच्या काही फूट आत एक हद्द आखलेली होती. तिचं नाव डेडलाइन! कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी थेट गोळी घालायचे. या छावणीत सुमारे 45,000 कैदी राहून गेले आणि जवळपास 13,000 जण तिथेच दगावले. त्यातले बहुतेक रोगराई आणि उपासमारीचे बळी होते. युद्ध संपल्यावर छावणीचा प्रमुख हेन्री विर्झ याला 10 नोव्हेंबर 1865 रोजी फाशी झाली.

पुढे 20व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत हा शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रुळला. 1920 मध्ये वृत्तपत्राच्या जगावर ‘डेडलाइन ॲट इलेव्हन’ नावाचा मूकपटही आला. तिथून हा शब्द ऑफिसात आणि घराघरांत पोहोचला.

असा वापरा
• मीट द डेडलाइन : काम वेळेत पूर्ण करणे
• मिस द डेडलाइन : मुदत चुकणे
• एक्स्टेंड द डेडलाइन : मुदत वाढवणे
• टाइट डेडलाइन : फारच कमी वेळ असणे

लक्षात ठेवा : ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणायचं असेल तर ‘बाय फ्रायडे’ म्हणा. ‘ऑन फ्रायडे’ म्हटलं तर अर्थ ‘शुक्रवारीच’ असा होतो.

त्या छावणीतल्या कैद्याला मुदतवाढ मागायची सोय नव्हती. आपल्याला आहे. म्हणून पुढच्या वेळी मुलाचा प्रोजेक्ट एक दिवस उशिरा झाला, तर थोडं सबुरीने घ्या. रेघ ओलांडली म्हणून आता कुणाचा जीव जात नाही!