शिळ्या कढीला ऊत (लेखांक ९) : ट्रूमन हरले तो बुधवार

चष्मा लावलेले एक गृहस्थ रेल्वेच्या शेवटच्या डब्याच्या सज्जात उभे आहेत. दोन्ही हातांनी वर्तमानपत्र उंच धरलंय आणि तोंडभर हसताहेत. हे छायाचित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. गृहस्थ म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन. हातात 'शिकागो डेली ट्रिब्यून'. पानभर आडवा मथळा म्हणतो, डेवी यांनी ट्रूमन यांना हरवलं. डेवी म्हणजे अध्यक्षपदाच्या निवडणुकीतले रिपब्लिकन उमेदवार. प्रत्यक्षात डेमोक्रॅटिक पक्षाचे ट्रूमन ३०३ विरुद्ध १८९ निर्वाचक मतांनी निवडून आले होते.

इथवरची गोष्ट जगजाहीर आहे. पण त्या मथळ्यापुढे पान कोणी वाचतच नाही, आणि खरी करमणूक तिथेच आहे. तेव्हा बुधवार, ३ नोव्हेंबर १९४८ चा तो अंक आज नीट वाचू.

मोठ्या मथळ्याच्या डोक्यावर एक पट्टी आहे. इलिनॉय राज्यात रिपब्लिकन पक्षाची सरशी होण्याची चिन्हं, शहरात बॉयल आघाडीवर, असं ती सांगते. सरशी झाली ती अशी : राज्यपालपदी डेमोक्रॅटिक पक्षाचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन साडेपाच लाखांहून जास्त मताधिक्याने आले, सिनेटवर त्याच पक्षाचे पॉल डग्लस गेले आणि ट्रूमन यांनीही इलिनॉय जिंकलं. आणखी एक मथळा म्हणतो की सुरुवातीच्या मोजणीत सिनेटमध्ये रिपब्लिकनांचं पारडं जड आहे. मोजणी संपली तेव्हा ९६ पैकी ५४ जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे होत्या. राहता राहिले बॉयल. ते मात्र खरोखरच निवडून आले, कुक परगण्याचे सरकारी वकील म्हणून. तेही डेमोक्रॅट! म्हणजे रिपब्लिकनधार्जिण्या ट्रिब्यूनच्या अख्ख्या पानाची अब्रू राखली ती विरोधी पक्षाच्या एका वकिलाने. 'जगातील सर्वश्रेष्ठ वृत्तपत्र' हे बिरुद ट्रिब्यून तेव्हा स्वतःच स्वतःला लावत असे.

मुख्य बातमीतल्या पाच ओळी तर चक्क उलट्या छापल्या आहेत, डोकं खाली पाय वर. हसण्याआधी त्यामागची भानगड ऐका.

शिकागोचे कंपोझिटर नोव्हेंबर १९४७ पासून संपावर होते. संपाचं मूळ होतं टॅफ्ट-हार्टली कायद्यात. कामगार संघटनांना वेसण घालणारा हा कायदा ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरून अडवला होता, पण अमेरिकी काँग्रेसने तो नकार धुडकावून कायदा मंजूर केला. आता छापखान्यात ओळी जुळवायला माणसंच नाहीत म्हटल्यावर ट्रिब्यूनने वेगळीच वाट काढली. मजकूर टाइपरायटरवर टंकायचा, पट्ट्या कापून पानावर चिकटवायच्या, पानाचा फोटो काढायचा आणि त्यावरून छपाईचा ठसा करायचा. कात्री आणि डिंकाच्या या धांदलीत एखादी पट्टी उलटी चिकटली तर नवल नाही. पण खरी मेख वेळेची होती. या पद्धतीमुळे पान नेहमीपेक्षा कित्येक तास आधी सोडावं लागे. आपल्याकडे ज्याने कधी डाक आवृत्तीची, म्हणजे लांबच्या गावांसाठी लवकर छापायच्या आवृत्तीची, रात्रपाळी केली आहे, त्याला ही घालमेल वेगळी सांगायला नको. मतमोजणीने धड सूरही धरलेला नसतो आणि मशीन मात्र पान मागत असतं.

पान सोडायची वेळ झाली तेव्हा पूर्वेकडच्या राज्यांचेही निकाल हाती नव्हते. मग व्यवस्थापकीय संपादकांनी वॉशिंग्टनचे जुनेजाणते प्रतिनिधी आर्थर सीअर्स हेनिंग यांच्यावर भरवसा टाकला. हेनिंग यांचे अंदाज बहुतेक वेळा खरे ठरलेले. ते म्हणाले डेवी, आणि डेवी छापले गेले. रात्रीतून रेडिओवर वेगळे आकडे येऊ लागले, तसा पुढच्या आवृत्तीत मथळा बदलला आणि माणसांना विक्रेत्यांकडून अंक गोळा करायला पिटाळलं. तोवर सुमारे दीड लाख प्रती छापून झाल्या होत्या. त्यातलीच एक दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सेंट लुइस स्थानकावर ट्रूमन यांच्या हाती पडली. स्वारी वॉशिंग्टनला परत निघाली होती. मतमोजणीच्या रात्री हे महाशय एक्सेल्सिअर स्प्रिंग्ज नावाच्या गावी, हॉटेलात सँडविच खाऊन लवकर झोपून गेले होते!

पण त्या बुधवारी फजिती एकट्या ट्रिब्यूनची झाली नाही. न्यूयॉर्कच्या 'जर्नल ऑफ कॉमर्स'ने डेवी यांच्या राजवटीत काय काय होईल यावर आठ लेख छापले. डेवी यांचा विजय म्हणजे सरकार आणि उद्योग यांच्यातल्या सलोख्याच्या नव्या युगाला जनतेने दिलेला कौल, असा पाच कॉलमी मथळा त्यावर होता. नामवंत स्तंभलेखक आल्सप बंधूंना त्याच दिवशी चिंता पडली होती की पराभूत ट्रूमन सरकार नवे अध्यक्ष येईपर्यंतचे आठवडे कसे रेटणार. ड्रू पिअर्सन यांनी आपल्या स्तंभात डेवी यांच्या भोवतीच्या माणसांची ओळखही करून दिली. हे सगळे मजकूर आधीच लिहून ठेवलेले होते. मांडव पडला, वाजंत्री आली, वऱ्हाड जेवलंसुद्धा, फक्त नवरदेव दुसराच निघाला.

इथे मी ट्रिब्यूनची बाजू घेईन. ट्रिब्यूनपुढे संप होता, घड्याळ होतं, रिकामं पान होतं. बाकीच्यांपुढे यातलं काय होतं? जनमत चाचण्या घेणाऱ्यांपैकी गॅलपने तर मतदानाच्या बरेच दिवस आधीच चाचण्या थांबवल्या होत्या आणि रोपरने सप्टेंबरमध्येच, आता विचारायचं काय उरलंय म्हणून. शेवटच्या आठवड्यांत मन बदलणारा मतदार त्यांच्या वहीत आलाच नाही. घाईत चुकणाऱ्याला निदान घाईची सबब असते. आठ लेख निवांत लिहिणाऱ्याला कसली?

'वॉशिंग्टन पोस्ट'ने मात्र झकास तोड काढली. चूक कबूल करण्याला अमेरिकेत कावळा खाणं म्हणतात. पोस्टने ट्रूमन यांना तार करून मेजवानीचं आमंत्रण दिलं : पत्रकारांना आणि चाचणीवाल्यांना कावळा, प्रमुख पाहुण्यांना टर्की. आपल्याकडे पानाला कावळा शिवावा म्हणून खोळंबतात, यांनी पानातच वाढायची तयारी केली! ट्रूमन यांनी नम्रपणे नकार दिला. कोणाला कावळा खाताना पाहण्याची आपल्याला हौस नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी धाडलं.

ट्रिब्यूनलाही पुढे त्या मथळ्यावर हसता येऊ लागलं. त्या पानाची ब्राँझमधली प्रतिकृती ट्रूमन यांना भेट द्यायचं ठरलं होतं, पण २६ डिसेंबर १९७२ रोजी ते वारले आणि ती भेट राहून गेली.

वाचकांना एक विनंती. घरातल्या ट्रंकेत एखाद्या निवडणुकीच्या निकालाचा जुना अंक असेल, तर रद्दीत घालण्याआधी तो डाक आवृत्तीचा की शहर आवृत्तीचा, एवढं पाहा. डाक आवृत्तीचा असेल तर तो मुळीच देऊ नका.