सरासरी तीच, टोके मात्र सरकली : ‘विक्रमी’ घटनांचे गणित काय सांगते?

बंगळुरू : बंगळुरूमध्ये २ जून २०२४ रोजी १११.१ मिलिमीटर पाऊस झाला आणि जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा १३३ वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला. १६ जून १८९१ रोजी शहरात १०१.६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. असा विक्रम हा निव्वळ योगायोग, की हवामान बदलल्याची खूण, या प्रश्नाचे उत्तर शोधणारी संख्याशास्त्राची एक स्वतंत्र शाखा आहे : टोकाच्या मूल्यांचा सिद्धांत. पूर, शेअर बाजारातील पडझड, धातूला जाणारे तडे अशा एरवी परस्परांशी संबंध नसलेल्या विषयांत तिचा वापर होतो.

या शाखेचा एक उगम कापसाच्या धाग्यात आहे. इंग्लंडमधील कापूस उद्योगासाठी संशोधन करणारे एल. एच. सी. टिपेट यांच्यासमोर धागा कधी तुटतो, हा प्रश्न होता. धाग्याची सरासरी मजबुती कितीही असली तरी तो तुटतो सर्वांत कमकुवत जागी. टिपेट आणि रोनाल्ड फिशर यांनी १९२८ मध्ये दाखवले, की परस्परांपासून स्वतंत्र अशा असंख्य नोंदींमधील सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान मूल्ये तीनच प्रकारच्या आलेखांत बसू शकतात. एका प्रकारात टोकाला मर्यादा असते, दुसऱ्यात मोठ्या घटनांची शक्यता झपाट्याने घटते आणि तिसऱ्यात ती इतकी हळू घटते, की अपवादात्मक घटना वरचेवर घडतात. शेअर बाजार या तिसऱ्या प्रकारात मोडतो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला; नेहमीच्या घंटाकृती आलेखानुसार ही घटना जवळजवळ अशक्य ठरते.

जलशास्त्रात हे गणित ‘पुनरावृत्ती काळ’ या नावाने येते आणि तेथेच सर्वाधिक गैरसमज होतो. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ एकदा येऊन गेला म्हणजे पुढची ९९ वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी त्याची शक्यता एक टक्का, एवढेच त्यातून कळते. तीस वर्षांचे गृहकर्ज घेऊन नदीकाठी घर बांधणाऱ्याला कर्ज फिटण्याआधी असा पूर पाहावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या सागरी पुरात अठराशेहून अधिक लोक मरण पावले. त्यानंतर तेथील सर्वाधिक दाट वस्तीच्या भागातील बांधांसाठी दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पातळीचा निकष ठरवण्यात आला. दहा हजार वर्षांच्या नोंदी अर्थातच कोणाकडेही नव्हत्या.

विक्रमांचेही गणित आहे. परिस्थिती बदलत नसेल, तर शंभर वर्षांच्या नोंदींत, पहिले वर्ष धरून, सरासरी पाचच उच्चांक अपेक्षित असतात. त्यांपैकी साडेचार पहिल्या पन्नास वर्षांतच होऊन जातात. पाऊस असो वा तापमान, हा हिशेब सारखाच राहतो. त्यामुळे एखादा सुटा विक्रम फारसे काही सिद्ध करत नाही, बंगळुरूचा जूनमधला विक्रमही नाही. जुन्या नोंदमालांमध्ये विक्रम वारंवार मोडू लागले, तर मात्र ‘परिस्थिती बदलत नाही’ हे गृहीतकच संशयास्पद ठरते.

विक्रमाच्या लगत खाली किती घटना असतात, हेही महत्त्वाचे आहे. भौतिकशास्त्रज्ञ संजीब सभापंडित आणि सत्या मजुमदार यांनी २००७ मध्ये शिखराजवळच्या अशाच गर्दीचे गणित मांडले. सभापंडित बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत कार्यरत आहेत. नाले तुंबायला विक्रमी पाऊस लागत नाही, विक्रमाजवळ जाणारा पाऊसही पुरतो.

गृहीतक हलल्याचा भारतातील ठळक पुरावा बंगळुरूतूनच पुढे आला. भारतीय विज्ञान संस्थेतील बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या पावसाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. मोसमी पावसाच्या हंगामी सरासरीत लक्षणीय बदल दिसला नाही. मात्र अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. दोन्ही बदलांनी एकमेकांना झाकले होते. केवळ सरासरी पाहणाऱ्याला काहीच घडले नाही, असे वाटले असते.

याची किंमत मुंबईने २६ जुलै २००५ रोजी मोजली. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर शहरातील जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची शिफारस १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालातच होती.

मोठ्या धरणांबाबत भारतीय मानके शक्यतेवर विसंबत नाहीत. तेथे भौतिकदृष्ट्या संभवणारा महत्तम पूर गृहीत धरून सांडव्याची क्षमता ठरते. छोट्या धरणांना शंभर वर्षांच्या पुराचा निकष लागू होतो. दोन्ही हिशेब जुन्या नोंदींवरच उभे आहेत. धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार कायद्याच्या कक्षेतील धरणांचे स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक असून, त्यात संकल्पित पुराचा फेरआढावाही अंतर्भूत आहे. तो घेताना गेल्या शतकातील सर्व वर्षांना सारखेच वजन द्यायचे की अलीकडच्या दशकांना अधिक, यावर सांडव्याची रुंदी अवलंबून राहील.