जिल्हई करण्याआधी घड्याळ उलटं करून पाहा

नांदेड-लातूरकडच्या घरांतल्या कपाटांतून लग्नात आलेली एचएमटीची, क्वचित हैदराबादच्या ऑल्विनचीही घड्याळं अजून निघतात. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना 1961 मध्ये बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झाला. आता तो बंद आहे, त्यामुळे आजोबांचं घड्याळ नातवाला मिरवावंसं वाटतं. मग घरच्याघरी जिल्हई सुरू होते, आणि सल्ल्यांना काही तोटा नसतो.

‘मागे स्टेनलेस स्टील लिहिलंय, घास बिनधास्त.’ हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. मागचा मजकूर नीट वाचा. ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं असेल तर फक्त मागचं झाकण स्टीलचं. वरची केस बऱ्याचदा पितळेची, तिच्यावर क्रोमचा नाहीतर सोन्याचा मुलामा. तो जेमतेम काही मायक्रॉनचा; डोक्याचा केसही साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. शंका आली तर पट्टा अडकवायच्या शिंगांची आतली बाजू भिंगातून पाहा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यातला खारट घाम तिथेच साचतो. पिवळं पितळ किंवा हिरवट थर दिसला, तर ब्रासो बाजूला ठेवा. घासून मुलामा परत येत नाही, उरलेला मात्र जातो. पुन्हा मुलामा चढवणं कारागिराचं काम. क्रोमची रसायनं विषारी असतात, घरात नकोत.

‘टूथपेस्टने सगळं निघतं.’ अर्धं खरं. एचएमटीच्या ‘जनता’सारख्या जुन्या घड्याळांची काच मुळात काच नसतेच, ॲक्रिलिक असतं. टूथपेस्टमधली बारीक खर त्यावरचे हलके ओरखडे काढते. खऱ्या काचेवर फक्त हात दुखतात.

‘पॉलिशने ओरखडा भरतो.’ भरत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा धातू निघून जातो. म्हणून वारंवार बफिंग केलेल्या केसच्या कडा गुळगुळीत गोल होतात आणि घड्याळाचा चेहराच हरवतो. माझ्या मते दोन-चार ओरखडे असू द्यावेत.

केस अख्खी स्टीलची असेल, तर घरी थोडं करता येतं. रेघांचा मंद पोत भांडी घासायच्या हिरव्या घासणीने परत आणता येतो, पण हात एकाच दिशेने चालवायचा आणि चकचकीत भागावर आधी चिकटपट्टी लावायची. त्याआधी मशीन बाहेर काढलेलं हवं. नाहीतर चावीच्या फटीतून पेस्ट आत गेली की सर्व्हिसिंग ठरलेलं. आणि झाकण उघडलंच आहे, तर पाणी अडवणारी आतली रबरी रिंग बदलून घ्या. तोवर हातपंपावर हात धुतानासुद्धा घड्याळ काढून ठेवलेलं बरं.