नाट्यपदाचे माध्यमांतर आणि प्रेक्षकाची श्रवणस्मृती : ‘कट्यार काळजात घुसली’च्या अनुषंगाने

लोकप्रिय संगीत नाटकावर चित्रपट निघाला की ‘नाटकाची सर चित्रपटाला नाही’ हा अभिप्राय बहुधा ऐकू येतो. त्याची छाननी करताना कोणते प्रवेश गाळले, कोणती पात्रे वाढविली, शेवट बदलला काय, असे संहितेविषयीचे प्रश्न सामान्यतः विचारले जातात. संगीत नाटकाच्या संदर्भात एवढी छाननी अपुरी पडते. चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाच्या मनात छापील संहिता क्वचितच असते. त्याच्या मनात असते ती पूर्वी ऐकलेल्या पदांची स्मृती. ही स्मृती कशी घडते आणि चित्रपटाचा आस्वाद घेताना ती कोणते कार्य करते, हे ‘कट्यार काळजात घुसली’ या उदाहरणावरून स्पष्ट करता येते.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांनी केली. दोन गायकीतील स्पर्धा हाच नाटकाचा विषय असल्यामुळे येथे पद हे कथानकाचे अलंकरण राहत नाही. एकच पद दोन वेगळ्या शैलींत गाइले जाते तेव्हा नाटकातील संघर्ष संवादापेक्षा स्वरांतून अधिक प्रकट होतो. सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात मूळची काही पदे राखली गेली आणि शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचनांची जोड त्यांना देण्यात आली. या चित्रपटाला मोठी लोकप्रियता लाभली; तरीही नाटक पाहिलेल्या रसिकांच्या मनात रुखरुख राहते, ती का, हा येथील प्रश्न आहे.

पहिले कारण प्रयोगाच्या स्वरूपात आहे. १८८० मधील किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून दृढ होत गेलेल्या परंपरेत पदाचा विस्तार पूर्वनिश्चित नसतो. श्रोत्यांची दाद, गायकाची त्या दिवसाची तबियत आणि साथीदारांशी जुळलेला मेळ यांवर तो अवलंबून असतो. ‘वन्स मोअर’ ही या परंपरेतील श्रोत्याची अधिकृत भूमिकाच होय. कथानक थांबवून पद पुन्हा म्हणावयास लावण्याची सत्ता त्याच्या हाती असते. चित्रपटातील पदाची लांबी संकलनाच्या वेळीच ठरून गेलेली असते. प्रेक्षकाने टाळी वाजविली तरी पडद्यावरील गायक ती ऐकू शकत नाही. ‘पद आटोपते घेतले’ या तक्रारीमागे मिनिटांच्या हिशेबाइतकाच हा गमावलेला सहभागही असतो.

येथे एक गुंतागुंत लक्षात घ्यावयास हवी. ही तक्रार करणाऱ्या सर्वांनी मूळ प्रयोग पाहिलेले असतातच असे नाही. अनेकांची स्मृती ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांनी घडविलेली असते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. म्हणजे नाट्यपदाचा संकोच चित्रपटाच्या कितीतरी आधी होऊन गेला होता. पुढे दीर्घ ध्वनिमुद्रिकेने अवकाश वाढविला, तरी मुद्रित पद प्रत्येक वेळी तेच राहिले. अशा श्रोत्याला चित्रपटात पद लहान झाल्याचे फारसे खटकत नाही. एखादी ओळखीची हरकत बदलली की मात्र ते त्याला चटकन जाणवते. प्रयोग पाहिलेला रसिक आणि मुद्रिका ऐकलेला रसिक एकाच शब्दांत नाराजी व्यक्त करतात, पण त्यांची हानी भिन्न असते. पहिल्याला विस्ताराचे स्वातंत्र्य हवे असते, दुसऱ्याला तंतोतंत पुनरुक्ती.

दुसरे कारण आवाज आणि देह यांच्या संबंधात आहे. रंगभूमीवर गाणारा आणि भूमिका करणारा एकच असतो. त्याचा श्वास, घाम आणि सुरासाठीची धडपड यांतूनच पात्र उभे राहते. चित्रपटात खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगावकर यांनी केली आणि गायन वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचे आहे. राहुल यांनी नाटकाच्या पुनरुज्जीवित प्रयोगांत हीच भूमिका स्वतः केली होती. ते प्रयोग पाहिलेल्या प्रेक्षकाला ओळखीचा आवाज अनोळखी चेहऱ्यातून ऐकावा लागतो आणि अभिनय समर्थ असूनही त्याचे मन दुभंगते. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन हे गायकच असल्यामुळे तेथे हा दुभंग उद्भवत नाही.

नाटक मुळीच न पाहिलेल्या प्रेक्षकाला यांपैकी कोणतीच अडचण भासत नाही. पार्श्वगायनाचा संकेत त्याला बालपणापासून परिचित असतो. पंडितजी आणि खाँसाहेब यांच्या संबंधांचा पूर्वेतिहास चित्रपटाने विस्ताराने दाखविला, तो त्याच्यासाठीच होय. सदाशिवच्या गायनासाठी महेश काळे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरुण श्रोत्याच्या दृष्टीने हे पद आता चित्रपटातील गीत आहे. पुढे तो नाटकाच्या प्रयोगास गेला, तर तुलनेची दिशा उलटी होईल आणि नाटकच त्याला वेगळे वाटेल.

स्मृतीचा हा प्रभाव जुन्या उदाहरणातही दिसतो. बालगंधर्वांनी ‘साध्वी मीराबाई’ (१९३७) या चित्रपटात मीरेची भूमिका केली, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. रंगभूमीवरील अंतर, प्रकाश आणि स्वर यांच्या आधारे प्रेक्षक स्त्रीरूपाचा जो संकेत आनंदाने स्वीकारीत असे, तो कॅमेऱ्याच्या सान्निध्यात टिकणे कठीण होते. चित्रपटाला त्यांच्या नाटकांसारखे यश लाभले नाही आणि बालगंधर्व रंगभूमीकडेच परतले. १९११ च्या ‘मानापमान’वर आधारित चित्रपट २०२५ मध्ये आला, तेव्हा परिस्थिती निराळी होती. मूळ प्रयोग पाहिलेला कोणीही आता हयात असण्याचा संभव नाही. तुलना झाली ती पुढील पिढ्यांच्या प्रयोगांशी आणि मुद्रिकांशी, म्हणजे आधीच झालेल्या माध्यमांतरांशी.

यावरून असे म्हणता येईल की, ‘नाटकाची सर नाही’ हा अभिप्राय चित्रपटाच्या गुणवत्तेवरील निर्णय म्हणून जसाच्या तसा स्वीकारणे धोक्याचे आहे. त्यात चित्रपटाइतकीच श्रोत्याची स्वतःची पूर्वकथा बोलत असते. अभ्यासकाने आवडनिवड नोंदविण्यापूर्वी हे पद त्याने प्रथम कोठे ऐकले, हे विचारावयास हवे. संगीत नाटकांचे प्रयोग विरळ होत चाललेले असताना या प्रश्नाला निकड आहे. समोरचा गायक आपल्या दादेने फुलतो, हे अनुभवलेले श्रोते उरले नाहीत, तर उद्या ही तक्रारही ऐकू येणार नाही आणि काय गमावले ते सांगणाराही कोणी नसेल.