दाताची कीड, मशेरी आणि लांबचा दवाखाना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताप आला की माणूस डॉक्टरकडे जातो. दात ठणकला की दाढेखाली लवंग धरतो. लवंगेने ठणका थोडा वेळ कमी होतो, हे खरे आहे. तिच्या तेलातले युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. पण आत पोखरत गेलेला दात त्याने भरून येत नाही. दिवस जातात, गाल सुजतो आणि शेवटी दात काढण्यावाचून मार्ग उरत नाही. ग्रामीण भागात हा उशीर दोन गोष्टींमुळे होतो : उपचार लांब असतात आणि चुकीच्या समजुती घरातच असतात. जिथे नीट सांगणारे माणूस जवळ नाही, तिथे ऐकीव गोष्टीच खऱ्या मानल्या जातात. त्यांतल्या काही इथे तपासून पाहू.

गैरसमज : दातांचे दुखणे किरकोळ असते.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. त्यांतले चारपैकी तीन जण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतात २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातल्या सुमारे ८० टक्के लोकांचे दात किडलेले आढळले होते. शिवाय तोंड शरीरापासून वेगळे नाही. मधुमेह आटोक्यात नसला की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांत जंतुसंसर्ग असला की रक्तातली साखर आवरणे अवघड जाते. मधुमेहाच्या रुग्णाने पायांइतकीच हिरड्यांचीही तपासणी करून घ्यायला हवी.

गैरसमज : दातात अळी असते, धुरी दिली की ती पडते.

वस्तुस्थिती : दातात अळी नसते. तोंडातले जीवाणू साखर आणि पिठूळ पदार्थांचे आम्ल बनवतात, ते आम्ल दातावरचे कठीण आवरण विरघळवते आणि खड्डा पडतो. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देतात, युरोपात एके काळी खुरासनी ओव्याच्या बियांची देत असत. ओव्याच्या त्या बिया तापून फुटल्या की आतला पांढरा कोंब बाहेर येई आणि लोकांना तीच अळी वाटे. फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ मध्येच आपल्या ग्रंथात ही कल्पना खोडून काढली होती. धुरीने कीड थांबत नाही; उपचार मात्र लांबतो.

गैरसमज : दुधाचे दात पडणारच, त्यांची काळजी कशाला?

वस्तुस्थिती : पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या तर मूल नीट चावत नाही, रात्री झोपत नाही, शाळा बुडवते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वेडावाकडा येतो. आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही : सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे जी नवी दाढ येते, ती कोणताही दात न पडता येते. ती कायमची असते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर ती दुसऱ्यांदा येत नाही.

गैरसमज : मशेरीने दात घट्ट होतात.

वस्तुस्थिती : मशेरी म्हणजे तव्यावर काळपट होईतो भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळतात, म्हणून ते दात घासणेच वाटते. तलफ भागली की बरे वाटते आणि त्यालाच दातांना आराम पडला असे समजले जाते. प्रत्यक्षात हिरड्या खाली सरकतात, मुळे उघडी पडतात आणि निकोटिनची सवय जडते. तंबाखूयुक्त टूथपेस्ट आणि दंतमंजन यांवर भारतात १९९२ पासून बंदी आहे. घरी भाजलेल्या तंबाखूपर्यंत तो कायदा पोहोचत नाही. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडातला आहे.

मशेरीची झळ पोटातल्या बाळालाही लागते. मुंबईतल्या १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मशेरी लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचे वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. हे सासू-सुनांनी मिळून ऐकायला हवे, कारण मशेरीची डबी बहुतेक घरांत एकीकडून दुसरीकडे जाते.

गैरसमज : तोंडातला चट्टा दुखत नाही, म्हणजे काळजी नाही. आणि नुसती सुपारी तर चालतेच.

वस्तुस्थिती : तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट खाताना होणारी जळजळ, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांतले काहीही दिसले तरी तपासणी करावी. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही सुरक्षित नाही. तिच्यामुळे गालाची आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे.

हा रोग नुसत्या नजरेने लवकर ओळखता येतो, हे केरळातल्या अभ्यासाने दाखवून दिले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून ३५ वर्षांवरच्या सुमारे १ लाख ९० हजार लोकांना त्यात सामील केले गेले. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंड तपासले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये या तपासणीमुळे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले.

गैरसमज : वरचा दात काढला की नजर जाते, दात साफ करून घेतले की हलू लागतात.

वस्तुस्थिती : दृष्टीची नस वेगळी, दाताची वेगळी. दात काढल्याने डोळ्यांना काही होत नाही. दात साफ केल्यावर हलतात असे वाटते, कारण किटणाखाली हिरडी आणि हाड आधीच झिजलेले असते. किटण निघाल्यावर ती झीज उघडी पडते, एवढेच.

गैरसमज : दातांवर तपकिरी डाग म्हणजे दात न घासण्याचा पुरावा.

वस्तुस्थिती : चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत मुलांच्या दातांवरचे डाग पाण्यातून आलेले असतात. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असले की वाढत्या वयात दातांची घडणच बिघडते. पिण्याच्या पाण्यात १ लिटरमागे १ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. अशा मुलांना वर्गात हिणवणे अन्याय आहे. ब्रश बदलून काही होणार नाही. पाणी तपासावे लागेल. इतरत्र मात्र फ्लोराइडची टूथपेस्ट दातांचे रक्षण करते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे, आणि ती थुंकायला शिकवावे.

गैरसमज : गावच्या लोकांना दातांची पर्वाच नसते.

वस्तुस्थिती : हा गैरसमज शहरातला आहे आणि सगळ्यांत नुकसानकारकही. सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा निकष आहे, पण तिथे सहसा दंतवैद्य नसतो. तो भेटतो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. दात वाचवायचा तर दोन-चार खेपा होतात, दर खेपेला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. दात काढायला एकच खेप पुरते. मजूर बाई दात काढून घेते, ती निष्काळजी असते म्हणून नव्हे. तिला परवडणारा तोच एक उपचार असतो.

आणि हे बदलता येते. १९८० च्या दशकात टांझानियात वीज आणि यंत्राविना कीड हाताच्या अवजारांनी खरवडून दात भरण्याची पद्धत विकसित झाली. ती शाळेच्या बाकावरही करता येते. अलास्कातल्या दुर्गम वस्त्यांत २००० च्या दशकापासून खास प्रशिक्षण घेतलेले दंत-आरोग्य सहायक काम करतात. जिथे त्यांची सेवा जास्त मिळाली तिथे दात काढण्याचे प्रमाण कमी आणि प्रतिबंधक उपचार जास्त, असे २०१८ च्या अभ्यासात आढळले. न्यूयॉर्कच्या शाळांत किडलेल्या दातांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे औषध लावले गेले. ते परिचारिकांनी लावले तरी दंत-स्वच्छता तज्ज्ञांनी लावल्याइतकेच लागू पडले, असे २०२४ मध्ये दिसून आले. त्याने किडलेला भाग काळा पडतो, पण कीड थांबते आणि इंजेक्शन लागत नाही. हे औषध, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि दात भरायचे ग्लास आयोनोमर सिमेंट, तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून आहेत.

आपल्याकडे चौकट तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासायचे असते, त्यात दातांची कीडही येते. तिशीवरच्या प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी, असे सरकारचेच धोरण आहे, आणि आशाताई भरतात त्या फॉर्ममध्ये तोंडातल्या जखमेचा प्रश्न आहे.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. आशाताई तोंडाबद्दल विचारतील तेव्हा ‘काही नाही’ म्हणून विषय संपवू नका, उजेडात तोंड उघडून दाखवा. आणि पुढच्या ग्रामसभेत विचारा : शाळेत दातांची तपासणी शेवटची कधी झाली, ज्या मुलांच्या दातांत कीड सापडली त्यांच्यावर उपचार झाले का, आणि आपल्या भागातल्या रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात? या प्रश्नांची उत्तरे मिळणे हा गावाचा हक्क आहे.